तांब्यातली रिकामी जागा

सूक्ष्मदर्शकाच्या सुईनं आपला एक अणू पळवला, अशी तक्रार तांब्याच्या तुकड्यानं संस्थेच्या संचालकांकडे केली आणि नियमाप्रमाणे दुसऱ्याच दिवशी सुनावणी लागली.

हेमांगी ताटके धुमसतच येऊन बसली. सुई चालवायची ती. तांब्यावरून, त्याला न टेकवता, सुई फिरवायची आणि एकेका अणूचा उंचवटा टिपायचा, हे तिचं काम. एकदा सुई जरा जास्तच जवळ गेली, एक अणू उडी मारून टोकाला चिकटला आणि तेव्हापासून चित्रं अशी लख्ख यायला लागली की बघत राहावं. तिचा सगळा प्रबंध त्या चित्रांवर उभा होता. तिचे मार्गदर्शक घैसास सर, त्यांनी ती स्वतःच्या नावानं छापून टाकली. हेमांगी आभारात, ‘मदतीबद्दल’, वीज मंडळाच्याही खाली.

“आमची ओळ मोडली,” तांबं म्हणालं. “शेजारचे सगळे त्या खड्ड्याकडे कलंडतात. घर आहे का हे?”

सुनावणीच्या अध्यक्षा नाडगौडा मॅडमनी सुईच्या टोकावरच्या अणूला विचारलं. त्यानं परत जायला साफ नकार दिला.

“मग नेणाऱ्यानं त्याच्या जागी बसायचं,” मॅडम म्हणाल्या. “कोणी नेला?”

“सगळं काम ताटकेचं, मॅडम,” घैसास सर घाईघाईनं म्हणाले. “पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी यंत्राला बोटसुद्धा लावलेलं नाही.”

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच ऐकायला ती किती खेटे घालत होती, आणि या माणसानं ते उच्चारलं ते स्वतःची कातडी वाचवायला! ‘हो, माझंच!’ असं ओरडावंसं तिला वाटलं. पण मग काम तिचं झालं असतं आणि तांब्यात बसणंही.

“मी आपली मदतीला होते,” ती दात आवळून म्हणाली. “छापलंय तसं.”

सरांना दुपारी बसवण्यात आलं. जरा मोठे पडले, पण शेजाऱ्यांनी सरकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगीनं सुई लावली. ओळ पूर्ण दिसत होती. त्यातला एक उंचवटा तेवढा सारखा चुळबुळत होता.

“ताटके, जरा लांबून, टोचतंय गं,” सर म्हणाले. “आणि हे बघ, आता पहिलं नाव तुझंच घालू.”

काम आपलं नाही, हे तिनंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आता ते परत मिळणार नव्हतं.

“हलू नका!” ती खेकसली. “माझं चित्र बिघडतंय.”