भैरोजींचे कीर्तीची झडती आणि सिदोजीचे दोन दात

श्री. मुठीस बळ आणि जिभेस लगाम देणारे देवतेस आधी नमस्कार, मग लेखणीस हात. शके सतराशे एकोणनव्वद, प्रभवनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमीस एके राज्यी मोठा कल्लोळ जाहला तो ऐसा. भरसभेत महाराजांनी पुसिले की, आमचे नामांकित मुष्टियोद्ध्यांत फुकाचा डोक्यावर चढविला तो कोण? इतके पुसणे आणि सभेस ऊत येणे एकच जाहले. कोणी म्हणे येसाजी, दोन ठोशांत गडी निजवी म्हणोन ख्याती, परंतु ते गडी आधीच पेंगत असत. कोणी म्हणे तुकोजी, निम्म्या लढती तो मिशांवरच जिंकला. आणि पागोटी उडाली, मग पानदानेही उडाली. मग चिंतोपंत उठले, ज्यांनी जन्मात माशी मारिली नव्हती, आणि गर्जले, "सर्वांत फुगविलेला तो भैरोजी! त्याने लोळविले कोणास, तर पेठेतल्या सिदोजीस! तेही हातमोज्यांत शिसे भरोन नसेल कशावरून?"

भैरोजी मानकऱ्यांत बसले होते, साठी उलटलेली. खांबापाशी सिदोजी उभा होता, त्याचे अंगाची लाही जाहली. हयातीत त्याची कमाई एकच, की भैरोजींपुढे सात फेऱ्या उभा राहिला आणि आठवीत पडला. त्या सात फेऱ्यांवर त्याचे लग्न जमले आणि त्यांवरच पेठ त्यास रामराम घाली. भैरोजी खोटे ठरले तर सिदोजीपाशी उरले काय? आणि त्या राज्याची चाल ऐसी की, हरल्याने जिंकल्याचे मोजे घरी न्यावे आणि दर खंडेनवमीस शस्त्रांत मांडोन पुजावे. सिदोजी ओरडला, "पंत, तोंड सांभाळा! ते मोजे माझ्या देव्हाऱ्यात तीस वर्षं हळदकुंकू खातायत. आणतो, फाडा, शिसं निघालं तर माझी मान उतरा!" आणि धावत घरी गेला, आणि बायको "अहो, नैवेद्य तरी होऊ द्या" म्हणते तोवर मोजे फुलांसकट उचलोन परत आला.

मग मोजे फाडिले. कापूस निघाला, आणि मग आणखी कापूस निघाला, आणि शिसे गुंजभरही नाही. सभेने भैरोजींचा जयजयकार केला आणि सिदोजी आनंदे नाचो लागला. परंतु महाराज म्हणाले, "हा कापूस नेमाहून दुप्पट दिसतो." तेव्हा भैरोजींनी मान खाली घालोन सांगितले, "महाराज, सिदूच्या बरगडीला आधीच मार होता. मला ठाऊक होतं. गडी चांगला, मरायला नको, म्हणून मीच भरला." सभा गहिवरली. चिंतोपंतांनीही डोळे पुसिले, आणि पुसता पुसता म्हणाले, "म्हणजे फुगविलेला तो सिदोजी! कापसापुढे सात फेऱ्या तर आमची मावशीही उभी राहील." सभा खदखदा हसली. सिदोजीचे काळीज फाटले.

मग तो भैरोजींपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "उपकार केलेत, पण मला न विचारता केलेत. आज उघड्या मुठीनं एक द्या."

"सिदू, वय झालं आपलं."

"वय माझं मी बघतो. तुम्ही मूठ बघा."

भैरोजींनी त्याचे डोळ्यांत पाहिले आणि ठोसा दिधला, काही न राखता. सिदोजी डुलला, मागे गेला, परंतु खांब धरिला नाही, आणि उभाच राहिला. मग तळहातावर दोन दात थुंकोन रक्ताळले तोंडे हसला आणि बोलिला, "पंत, आता बोलवा मावशीला!"

येणेप्रमाणे झडती पुरी जाहली. भैरोजी खरे ठरले, सिदोजीही खरा ठरला, आणि पंतांची मावशी आली नाही. ते दोन दात भैरोजींनी मागोन घरी नेले आणि पुढील खंडेनवमीस आपले शस्त्रांत मांडोन पुजिले.