म्हातारी आणि बेचाळीस उत्तरपत्रिका

मध्य प्रदेशच्या बालाघाट शहरातल्या एका खाजगी शाळेत अकरावी-बारावीसाठी 'उच्च लॅटिन' हा विषय सुरू झाला, त्याचं कारण असं की तो माहितीपुस्तिकेत छापून आला होता. ज्या छापखान्याकडे पुस्तिकेचं काम होतं, त्याने वेळ वाचावा म्हणून कुठल्याशा परदेशी शाळेच्या वेबसाइटवरून विषयांची यादी जशीच्या तशी उचलली. त्यातलं घोडेस्वारी आणि नौकानयन प्राचार्य दुलीचंद यांच्या नजरेस पडलं, ते त्यांनी खोडलं. लॅटिन राहून गेलं. चूक लक्षात आली तोवर पुस्तिका कटंगीपासून बैहरपर्यंत वाटून झाल्या होत्या. त्या परत मागवायच्या तर चूक झाल्याचं लेखी कबूल करावं लागणार होतं. विषय सुरू करायला असलं काही कबूल करावं लागत नव्हतं. दुलीचंद यांनी विषय सुरू केला.

पालकांनी उड्या टाकल्या. ही भाषा गावात कोणालाच येत नव्हती, म्हणजे ती कठीण असणार, आणि कठीण आहे म्हणजे पोरांच्या भल्याचीच असणार. महसूल खात्यात अधीक्षक असलेले गुणाकरराव रांगेत पहिले होते. त्यांच्या घरात सरकारी नोकरीची ही तिसरी पिढी, त्यामुळे न वाचता अर्ज भरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी मुलीचं, अबोलीचं, नाव घालून टाकलं.

"थे शिकून पोरगी करन काय?" त्यांच्या पत्नीने, आशालताबाईंनी, विचारलं.

"काय करन हे माहीत असतं, तर साधाच विषय नसता का घेतला?" गुणाकरराव म्हणाले. अबोलीला कोणी विचारलं नाही.

त्रेचाळीस मुलं झाली. आता शिक्षक पाहिजे. जाहिरातीत 'लॅटिनचा किमान पाच वर्षांचा अनुभव' अशी अट होती. एकच अर्ज आला. टिकाराम नावाचे गृहस्थ बैहरकडच्या जंगलातून वनपाल म्हणून निवृत्त झाले होते. झाडांना लावायच्या पाट्यांवर त्यांनी बत्तीस वर्षं लॅटिन नावं लिहून घेतली होती. अर्ज मुळात त्यांच्या जावयाने भरला होता. मुलाखतीला आल्या आल्या त्यांनी हात जोडले.

"साहेब, मले झाडाचे नावं येते. साग म्हना, साल म्हना, तेंदू म्हना, लॅटिनमंधी सांगतो. पन भाषा म्हनान तर मले येत नाही. आधीच सांगून राह्यलो, मांगून बोल नाही पाह्यजे."

"टिकारामजी, भाषा म्हणजे तरी काय असते?" दुलीचंद म्हणाले. "नावंच ना? बच्चों को नाम आ गये, तो समझो आधी भाषा आ गयी."

"अन् बाकीची आधी?"

"वो बोर्ड देखेगा."

निवड अहवालात टिकाराम यांच्या या कबुलीची नोंद 'उमेदवार अत्यंत विनयशील' अशी झाली आणि त्याचे त्यांना पाच गुण जास्तीचे मिळाले.

टिकाराम प्रामाणिक होते. जे येत होतं ते त्यांनी जीव तोडून शिकवलं. पहिल्या सत्रात मुलांना एकशे बारा झाडं, एकोणीस वेली आणि सात प्रकारचे बांबू लॅटिनमध्ये पाठ झाले. सहामाहीची तोंडी परीक्षा रोपवाटिकेत झाली. एकदा अबोलीने विचारलं, "सर, वाक्य कधी शिकवान?"

"बाई, जंगलात वाक्य नाही रायत," टिकाराम खिन्नपणे म्हणाले. "झाडंच रायते."

आता एक विचित्र गोष्ट घडली, आणि ती शाळेच्या, पालकांच्या किंवा शासनाच्या कोणत्याही योजनेत बसणारी नव्हती. अबोलीला ती भाषा आवडली. तिने फोनवर एक जुनं व्याकरण उतरवून घेतलं, नागपूरहून कोणाच्या तरी हाताने जुना शब्दकोश मागवला, आणि शाळेतून आल्यावर मागच्या दारच्या पायरीवर बसून ती एकटीच वाक्यं लावत बसू लागली. वर्षभरात तिला बऱ्यापैकी वाचता यायला लागलं. पुण्याच्या एका महाविद्यालयात प्राचीन भाषांची पदवी मिळते, तिथे बारावीला लॅटिनमध्ये साठ गुण असले की प्रवेश होतो, हेही तिने शोधून काढलं. त्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मनापासून मागितलं होतं. गुणाकरराव म्हणाले, "साठ काय, नव्वद आन. पन आधी क्लास लाव."

क्लास प्रेमलाल यांचा. पटवारी, वनरक्षक, शिक्षक पात्रता अशा सगळ्या परीक्षांची तयारी ते एकाच खोलीत आणि एकाच फळ्यावर करून घेत. शाळेत लॅटिन आल्याचं कळताच पंधरा दिवसांत त्यांनी हिंदीतून गाइड काढलं. त्याच्या मुखपृष्ठावर रोमन योद्ध्याचं चित्र होतं आणि योद्ध्याच्या ढालीवर प्रेमलाल यांचा मोबाइल नंबर.

"लॅटिन पढ़ना नहीं है, पहचानना है," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. पद्धत सोपी होती. उताऱ्याचं पहिलं अक्षर बघायचं. ए असेल तर वादळ आणि जहाज. सी असेल तर सभेतलं भाषण. व्ही असेल तर लढाई, म्हणजे सेनापतीने नदी ओलांडली, शत्रूवर तीन बाजूंनी हल्ला केला, संध्याकाळपर्यंत विजय मिळवला. मग गाइडमधलं त्या अक्षराचं हिंदी भाषांतर उतरवून मोकळं व्हायचं. मूळ लॅटिन वाचण्यात वेळ दवडणाऱ्याला ते वर्गात उभं करत.

"सर, व्ही से कुछ और शुरू हुआ तो?" अबोलीने विचारलं.

"पिछले बारह साल में नहीं हुआ."

गावात विषय सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे 'बारह साल' लिहून घेण्यात गुंतले होते.

परीक्षा मार्चमध्ये झाली. साठ गुणांचे पर्यायी प्रश्न मंडळाचं यंत्र तपासणार होतं. उरलेले चाळीस गुण एका न पाहिलेल्या उताऱ्याच्या भाषांतराला. तो उतारा मंडळाने दूरच्या कोण्या जाणत्या माणसाकडून लिहून घेतला होता, आणि नेमका तो व्हीने सुरू होत होता. 'वेतुला गल्लिनिस ग्राना दात.' म्हातारी कोंबड्यांना दाणे घालते. पुढे वाटेने एक शिपाई येतो, रस्ता विचारतो. म्हातारी त्याला सांगते की थांब, आधी कोंबड्या, मग तू. बस्स, इतकाच उतारा.

बेचाळीस मुलांनी व्ही पाहिला आणि नदी ओलांडली. कोणी डावीकडून हल्ला केला, कोणी उजवीकडून, पण संध्याकाळपर्यंत जिंकले सगळेच. एकट्या अबोलीने म्हातारी लिहिली, कोंबड्या लिहिल्या, शिपायाला उभं ठेवलं आणि तीन तासांचा पेपर दीड तासात संपवून ती हसत घरी आली. संध्याकाळी वडिलांना समोर बसवून, शब्दकोशावर बोट ठेवत तिने एकेक शब्द सांगितला. गुणाकररावांना तो कळला. चक्क कळला. "म्हातारी मोठी बेरकी हाय बावा," असं म्हणून तेही हसले. बापलेक असं कशावर तरी मिळून हसल्याला बरीच वर्षं झाली होती.

उतारा तपासायला मंडळाकडे माणूस नव्हता. म्हणून तो परीक्षा केंद्रावरच तपासावा असा आदेश आला. सोबत नमुना उत्तर पाठवलं नव्हतं, कारण त्याने तपासनिसाच्या विद्वत्तेचा अवमान होईल असं मंडळाचं मत होतं. तपासनीस अर्थात टिकाराम.

ते गठ्ठा घेऊन दोन दिवस बसून राहिले. काय खरं, काय खोटं, त्यांना कळण्याचा प्रश्नच नव्हता. अखेर त्यांनी आपल्याला येणारी एकमेव शास्त्रीय पद्धत वापरली. जंगलाची नोंद करताना वनखात्यात झाडं मोजतात. ज्या तुकड्यात सालाची झाडं जास्त, ते सालवन. मध्ये एखादा तेंदू उभा असला तरी कागदावर सालवनच. टिकाराम यांनी तसा तक्ता आखला. लढाई, बेचाळीस. म्हातारी, एक. 'मुख्य प्रजाती' या रकान्यात त्यांनी लढाई लिहिली आणि बेचाळीस जणांना चाळीसपैकी चाळीस दिले. अबोलीच्या उत्तरपत्रिकेवर 'इतर' असा शेरा मारला आणि शून्य दिलं.

यंत्राने तपासलेल्या भागात तिला पंचावन्न मिळाले होते, जिल्ह्यात सर्वांत जास्त. एकूण झाले पंचावन्न. पुण्याला साठ लागत होते.

अबोलीने फेरतपासणीचा अर्ज केला. नियमानुसार तीन जणांची समिती बसली: अध्यक्ष दुलीचंद, विषयतज्ज्ञ म्हणून प्रेमलाल, आणि पालकांचे प्रतिनिधी म्हणून गुणाकरराव. बाप समितीत कसा, असा प्रश्न कोणी काढला नाही, कारण पालक प्रतिनिधी हा पालक असणं अनिवार्य होतं. टिकाराम यांना साक्षीला बोलावलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसले.

अबोली शब्दकोश घेऊन आली. "सर, हे पहा. वेतुला म्हणजे म्हातारी. इथं लिहिलं आहे. लढाईचा शब्द पूर्ण उताऱ्यात एक पण नाही."

प्रेमलाल यांनी शब्दकोश हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत केला. "ये मान्य पुस्तकों की सूची में नहीं है."

"पण अर्थ तर तोच राहील ना, सर?"

"अर्थ तेव्हाच राहतो जेव्हा पुस्तक सूचीत असते," दुलीचंद म्हणाले. "बेटा, तू सांग. बेचाळीस मुलं चूक आणि तू एकटी बरोबर, असं कसं होईल?"

"सगळ्यांनी एकाच गाइडमधून लिहिलं, म्हणून."

"म्हणजेच एकवाक्यता आहे," दुलीचंद समाधानाने म्हणाले.

टिकाराम उभे राहिले. "साहेब, पोरीचं बरोबर असन. मले समजत नाही म्हनून मी मोजनी केली. माही चूक लिहून घ्या, मी सही करून देतो."

चूक कबूल करायला माणूस आपणहून तयार झाल्याचा प्रसंग शाळेच्या इतिहासात नव्हता, त्यामुळे त्याचा नमुना फॉर्मही नव्हता. दुलीचंद यांनी त्यांना अत्यंत विनयशील म्हणून बसवलं.

मग सगळे गुणाकररावांकडे बघू लागले. गुणाकररावांच्या डोळ्यांसमोर म्हातारी होती, कोंबड्या होत्या आणि शिपाईही होता. त्यांना एकेक शब्द आठवत होता. पण त्या शब्दांच्या मागे बेचाळीस घरं उभी होती. त्यांतली सहा त्यांच्याच ऑफिसातली, एक तर थेट साहेबाचं. पोरगी खरी ठरली तर बेचाळीस जणांचे चाळीस-चाळीस गुण जाणार, शाळेसमोर मोर्चा येणार, आणि उद्या ऑफिसात आपल्या टेबलाकडे कोणी चहा पाठवणार नाही. तीस वर्षांच्या नोकरीत खरं काय हे त्यांना पुष्कळदा माहीत होतं, आणि त्याने त्यांच्या सहीत कधी फरक पडला नव्हता. त्यांनी पेन उघडलं आणि सुवाच्य अक्षरात टिपण लिहिलं: 'प्रकरणी अर्जदाराचे उत्तर बहुसंख्य उत्तरांशी विसंगत आढळते. सबब अर्ज निकाली काढणेस हरकत नसावी.' खाली तिघांच्या सह्या झाल्या.

मला त्या माणसाची किळस येते. दुलीचंद आणि प्रेमलाल यांची तेवढी येत नाही, कारण त्यांना म्हातारी कळलेलीच नव्हती.

अबोली वडिलांच्या गाडीवर मागे बसून घरी आली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "बाबा, तुमाले तर समजलं होतं ना?"

"हौ, समजलं होतं."

"मग काहून?"

"थे कमेटी होती, बेटा. थिथं मी बाप म्हनून नव्हतो बसलो."

"आणि आता?" तिने विचारलं. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, कुलूप लावलं, ते लागलं की नाही हे दोनदा ओढून पाहिलं, आणि आत गेले. पुण्याच्या प्रवेशाची तारीख त्या शुक्रवारी निघून गेली.

आता तुम्ही गुणाकररावांवर संतापला असाल, टिकाराम यांची दया आली असेल, अबोलीची बाजू घेऊन मनातल्या मनात भांडूनही झालं असेल. एवढंच सांगा, त्या लॅटिन ओळीत खरोखर म्हातारी आणि कोंबड्या आहेत, हे तुम्हाला कसं कळलं? शब्दकोश उघडलात? कोणाला विचारलंत? मी लिहिलं, तुम्ही मान डोलावली आणि पुढची ओळ वाचायला घेतली. शाळेच्या दप्तरात न वाचता लढाई लिहिणाऱ्या त्या बेचाळीस जणांची यादी अजून आहे, आणि तिच्याखाली त्रेचाळिसाव्या, म्हणजे तुमच्या, नावापुरती जागाही आहे. पेन आहे ना जवळ?