धाग्याने मोजलेलं सिडनी

पृथ्वीवरची कुठलीही दोन शहरं सांगा, किटलीतलं पाणी उकळायच्या आत येर्को त्यांच्यातलं विमानाचं अंतर काढून देत असे! चिलीच्या दक्षिण टोकाला, पुंता अरेनासच्या लोकरीच्या गोदामात आयुष्य गेलेलं, त्यामुळे धाग्याला तोटा नव्हता. पृथ्वीचा गोल घरातच होता. वानवा होती ती फक्त विचारणाऱ्यांची.

सहा वर्षांपूर्वी त्याची मुलगी दानित्सा ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा येर्को स्वतःच्या हिशेबाने अगदी वेळेवर विमानतळावर पोचला. विमान तोवर आभाळात डासाएवढं झालं होतं. दानित्सा त्यावर कधी बोलली नाही, पण त्यानंतर घरीही आली नाही. आता ती येणार होती, आणि येर्कोने शपथच घेतली होती की या खेपेला तिच्या आधी आपण.

तिचा निरोप आला: रविवारी दुपारी बाराला सिडनीहून निघते, रविवारीच सकाळी अकराला सांतियागो, संध्याकाळी सहाला आपलं गाव.

येर्को डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"निघायच्या आधीच पोचते म्हणे. नेलिदा, पोरगी तुझ्यावर गेली."

त्याने गोलावर धागा ताणला. अकरा हजार तीनशे किलोमीटर! वाऱ्यावर बसून आली तरी साडेबारा तास. म्हणजे सोमवार. तिकडे आपल्याआधी चौदा तास उजाडतं, असं बायकोने सांगून पाहिलं.

"सूर्य एकच ना? मग रविवारही एकच," म्हणत त्याने कॅलेंडरवर सोमवारभोवती गोल काढला.

रविवारी मात्र त्याचा पाय घरात ठरेना. खुर्चीतून खिडकीशी, खिडकीपासून घड्याळाशी. दाढी दोनदा झाली. शेवटी साडेचारला नेलिदा म्हणाली, "अहो, इथे फरशी झिजवण्यापेक्षा उद्या कुठे उभं राहायचं ते तरी बघून या."

रंगीत तालीम! येर्को मुलीच्या नावाची पाटी घेऊन निघाला. वारा असा होता की पाटी पुढे उडत होती आणि येर्को तिला लोंबकळत मागून जात होता.

विमानतळावर त्याने खांब टाळून, पावलं मोजून एक फरशी नक्की केली: दानित्सा इथे उभी राहणार. सहाला दार उघडलं, माणसं बाहेर आली, आणि एक बाई बॅग घेऊन नेमकी त्याच फरशीवर उभी!

"बाई, जरा सरका. ही जागा माझ्या मुलीची आहे."

"कधी यायचीय ती?"

"उद्या," पाटी सरळ करत येर्को म्हणाला. "हिशेबाला कच्ची आहे जरा. पण या वेळी मी तिच्या आधी पोचणार."

बाईने बॅग खाली ठेवली. त्याने मान वर केली.

"पोचलात, बाबा," दानित्सा म्हणाली, आणि पाटीसकट त्याला मिठी मारली.

सातला घरी येईपर्यंत येर्कोची छाती कोटात मावेना. मुलीला घ्यायला एक दिवस आधी गेलेला बाप आहे का कुणी गावात! तेवढ्यात शेजारच्या अंगणातून वास आला. विस्तवापुढे खांबाला बांधलेलं कोकरू सगळीकडून छान तांबूस झालं होतं, आणि नेलिदा सुरीला धार लावत होती.

कोकरू असं भाजायला पाच तास लागतात. हा हिशेब मात्र येर्कोला धाग्याशिवाय जमला.