दळवीकाकांचा मोठा दमा

पाहुणे आले की लोक लग्नाचा अल्बम काढतात. दळवीकाका रक्ताचा रिपोर्ट काढतात. "आमचे इओसिनोफिल बघा," म्हणतात, जणू मुलगा बोर्डात आलाय.

काका माझे घरमालक. मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. कोपरखैरण्यात कुणी दारात उभं करेना, तेव्हा यांनी आतली खोली दिली. त्या आधारावर महाप्यातली पॅकिंगची नोकरी टिकलीय. उपकार विसरत नाही. पण दमा मलाही आहे, आणि घरात मान फक्त त्यांच्या दम्याला.

"तुझा दमा म्हणजे बालवाडी," ते म्हणायचे. अ‍ॅलर्जी काय असते तेही त्यांनीच शिकवलं. रक्तातल्या या इओसिनोफिल पेशी म्हणजे सोसायटीचे अतिशहाणे वॉचमन. धुळीचा कण आला तरी चोर चोर करतात, आणि त्या दंग्यात श्वासनळीच सुजून बसते. "माझ्याकडे पलटण आहे. तुझा एकटाच, तोही पेंगणारा."

दवाखान्यातही तेच. काका आत गेले की अर्धा तास, वर हसण्याचे आवाज. मला पाच मिनिटं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी ठरवलं, आपलाही रिपोर्ट दणदणीत आणायचा. तपासणीआधी पंधरा दिवस, या पेशींना शांत ठेवणारा रोजचा दम्याचा पंप बंद केला. रिपोर्ट आला काकांच्या वरचढ, पण तोवर मला जिना चढवेना. सुपरवायझर म्हणाला, खोकला थांबत नसेल तर गावी जा. छातीत शिट्या वाजत होत्या आणि डोळ्यांपुढे हिंगोलीची एसटी.

काकांना खरं सांगून टाकलं. वाटलं, आता खोलीही गेली. त्यांनी रिपोर्ट उघडलाही नाही. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बाकावर बसल्यावर हळूच म्हणाले, "मीपण दर महिन्याला तपासणीआधी चार दिवस पंप सोडतो रे. बरा दिसलो की डॉक्टर तीन महिन्यांनी बोलावतात. झोप लागली का, हे दुसरं कोण विचारतं मला?"

मी एका भिंतीपलीकडे झोपतो. मला कधी सुचलं नव्हतं.

आता सकाळी आम्ही समोरासमोर बसून पंप ओढतो, चुळा भरतो. मी कामावर परतलोय. परवा डॉक्टरांनी काकांना तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. घरी येईपर्यंत ते तारखेचा कागद उलटसुलट करत होते.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन निघता निघता विचारलं, "काका, झोप लागली का?"

"दोनदा जाग आली," म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून पहिल्यांदा जाग आली तिथपासून सविस्तर सुरू झाले.

मी डबा खाली ठेवला.