मागच्या खोलीचे वहिवाटदार

माणूस घरात राहतो, हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. घरात राहतं ते सामान. माणसाची नेमणूक झालेली असते ती झाडलोट, राखण आणि वीजबिल भरणे या कामांवर. पण नेमणुकीचं पत्र कोणी हातात देत नाही, त्यामुळे बिचाऱ्याला आयुष्यभर वाटत राहतं की आपणच मालक. (हा गैरसमज घर विकायला काढेपर्यंत टिकतो.)

आमच्या स्टोअरकीपरांचंही असंच झालं. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं भांडार त्यांनी उभी हयात सांभाळलं आणि निवृत्त होताना शेवटचा वॉशरसुद्धा मोजून दिला. ज्याचा माल त्याची सही, सही नाही तर माल हलणार नाही, हा त्यांचा नियम. एकदा भांडाराशेजारी आग लागली, तेव्हा विझवायच्या बादल्यासुद्धा त्यांनी सही घेऊनच दिल्या म्हणतात. (आग लहानच होती. सही होईपर्यंत थोडी वाढली.) असा माणूस घरी बसला, की घराचं भांडार व्हायला कितीसा वेळ लागतो?

घर तिसऱ्या मजल्यावर, चार खोल्यांचं, बिनालिफ्टचं. बायकोच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. भाजीची पिशवी ती दोरीने वर ओढून घ्यायची आणि स्वतः खाली उतरायचं टाळायची. अशात मागच्या गल्लीत तळमजल्यावरचं एक घर विकायला निघालं. दोन खोल्या, दारातून पाऊल टाकलं की थेट जमीन, आणि जमिनीवर एक लिंबाचं झाड. ती ते बघून आली आणि परत जिना चढताना प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबून एकच वाक्य म्हणाली, "मला ते घर हवंय." इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं स्टोअरकीपरांना आठवेना. त्यांना मनापासून वाईट वाटलं आणि त्यांनी त्याच दिवशी दलालाला फोन केला.

मुलांनी तर हा बेत अगदी डोक्यावर घेतला. दोन्ही मुलं शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. थोरल्याचं घर म्हणजे मोकळेपणाचा नमुना: पांढऱ्या भिंती, एक दिवा, एक कुंडी. पाहुणा शिंकला तर आवाज घुमतो. धाकटी तर दर रविवारी पडद्यावरून लोकांना याच विषयाचे धडे देते. 'सुटसुटीत घर, सुटसुटीत मन' असं तिच्या वर्गाचं नाव आहे आणि वर्गात जागा मिळत नाही इतकी गर्दी असते. तिचा पहिला नियम असा, की ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नाही ती वस्तू आपली नाही. हा नियम ती स्वतः काटेकोर पाळते. तिच्या अशा सगळ्या वस्तू आईच्या मागच्या खोलीत आहेत.

मागच्या खोलीविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. ही खोली एके काळी मुलांची होती आणि कायद्याने ती अजूनही मुलांचीच असावी, कारण आईबापांना तिथे उभं राहायला जागा नाही. आत काय काय होतं? थोरल्याची ट्रेडमिल ('तात्पुरती' म्हणून आणलेली, वापरात आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात). दोन तारांची गिटार. कोरडा मत्स्यालय-टँक. धाकटीचं बाहुलीघर, तिच्या लग्नात आलेले आणि अजून न उघडलेले डिनर सेट, घडीची बाबागाडी. दोघांची कॉलेजची जर्नलं. एक दुर्बीण, जिच्यातून फक्त तिची स्वतःची काच दिसते. आणि खोकी. खोक्यांवर खोकी. काहींवर 'नाजूक' लिहिलेलं, काहींवर 'महत्त्वाचं', आणि एकावर नुसतं 'इतर', जे सगळ्यांत जड होतं.

घर घ्यायला आलेलं जोडपं तरुण होतं, कडेवर बाळ. मागच्या खोलीचं दार वीतभरच उघडत होतं. त्या फटीतून आळीपाळीने डोकावून दोघं म्हणाली, "अय्या, ही खोली बाळाला मस्त!" सौदा ठरला. अट एकच, महिनाअखेर घर रिकामं. तळमजल्याच्या मालकिणीनेही तीच मुदत दिली होती, कारण तिच्याकडे दुसरं गिऱ्हाईक पाय रोवून उभं होतं. म्हणजे खोली रिकामी झाली तर गुडघे सुटणार, नाही झाली तर जिना आहेच.

स्टोअरकीपरांनी शिस्तीत काम सुरू केलं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली आणि कुटुंबाच्या ग्रुपवर सूचना टाकली: 'संबंधितांनी आपापला माल तपासून न्यावा अथवा विल्हेवाटीस लेखी संमती द्यावी.' थोरल्याने अंगठा पाठवला. धाकटीने बदाम पाठवला. दुसऱ्या सूचनेला दोघांनीही हसणारा चेहरा पाठवला. तिसऱ्या वेळी त्यांनी प्रत्येक वस्तूचा फोटो टाकून वेगवेगळं विचारलं. आलेल्या उत्तरांचा गोषवारा असा: बहुतेक वस्तूंबाबत 'ठेवा', काहींबाबत 'सध्या ठेवा', आणि गिटारबाबत 'ती अजून आहे? वा! मग ठेवाच.'

शेवटी एका रविवारी (धाकटीचा वर्ग आटोपल्यावर) फोनवर सगळे समोरासमोर आले.

"बाबा, आम्ही तुमच्याच भल्याचं सांगतोय," थोरला म्हणाला. "जिने चढून चढून आईच्या गुडघ्यांची पार वाट लागलीये. घर विका आणि मोकळे व्हा."

"आणि तुमची खोकी?"

"खोकी काय बाबा, ती कुठे जातायत?"

"मीही तेच विचारतोय. ती कुठे जातायत?"

"बाबा, तुम्ही ना, वस्तूंत फार अडकता," धाकटी मायेने म्हणाली. "सोडून द्यायला शिका. फक्त माझ्या बाहुलीघराला धक्का लावू नका हं!"

यावर दुसऱ्या कोणा बापाने उठून भंगारवाल्याला हाक मारली असती. पण सही नव्हती. सहीशिवाय खिळा न सोडलेला माणूस ट्रेडमिल कशी सोडणार? त्यांनी तर्काची कास धरली. आलेखाच्या कागदावर तळमजल्याच्या दोन खोल्या मापात काढल्या आणि पुठ्ठ्याचे तुकडे कापून सगळं सामान त्यात मांडून पाहिलं. तीन दिवस खपले. ट्रेडमिल स्वयंपाकघरात बसली, बाबागाडी मोरीत, खोकी छतापर्यंत. नकाशात सगळं चपखल बसलं. फक्त पुठ्ठ्याची दोन माणसं शिल्लक राहिली.

मग त्यांनी दलालाकडे नवा प्रस्ताव नेला. जोडप्याने तीन खोल्या घ्याव्यात, मागची खोली आपल्याकडेच राहावी, आणि तिथे जाण्यायेण्यासाठी त्यांच्या हॉलमधून वाट मिळावी. (रात्री दहानंतर येणार नाही, असं लिहून द्यायची त्यांची तयारी होती.)

दलालाने चष्मा काढून पुसला. "काका, मी या धंद्यात केस पांढरे केलेत," तो म्हणाला. "बाप पोरांसाठी घर ठेवतो, हे पाहिलंय. पोरांच्या खोक्यांसाठी ठेवतो, हे पहिल्यांदाच. उद्यापर्यंत सांगा, नाहीतर ती दुसरीकडे बघतायत."

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं समजावून सांगितलं. घर विकता येणार नाही. नियमात बसत नाही. तिने ऐकून घेतलं, खिडकीतून मागच्या गल्लीकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. ते 'बरं' त्यांना चांगलंच लागलं. पण नियम तो नियम.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या थोरल्या भावाची बायको, गावाकडच्या घरून.

"भावोजी, आम्हीही घर आवरायला काढलंय. यांना आता एवढा पसारा झेपत नाही. तेवढी तुमची पेटी घेऊन जाता का?"

"कुठली पेटी हो वहिनी?"

"अहो, तुमची! नोकरीला लागलात तेव्हा ठेवून गेलात ती. दर रंगकामाला मी ती सरकवत आले. आता कंबर ऐकत नाही माझी."

स्टोअरकीपरांच्या चेहऱ्यावर एकदम तारुण्य आलं. व्यायामाची डंबेल्स, नाटकातली दाढी, पोस्टाच्या तिकिटांची वही! आणि कोणतीही तयारी न करता, अत्यंत मायेच्या आवाजात ते बोलून गेले, "राहू दे हो वहिनी, कुठे जातेय ती? बघतो पुढच्या खेपेला."

फोन ठेवून वळले तर बायको दारात. ती कितीतरी महिन्यांत एवढी हसली नव्हती. हसता हसता तिला स्टूल ओढून बसावं लागलं.

"अगं, झालं काय?"

"काही नाही. गिटार आठवली."

त्यांना उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने मग डोळे पुसले आणि त्यांच्याच आलेखाच्या कागदाची पाठ पुढे केली. "लिहा. पेटीची विल्हेवाट वहिनींनी त्यांच्या मर्जीने लावावी. आणि खाली सही."

"अगं, पण तिच्यात माझी डंबेल्स आहेत."

"उचलून दाखवता?"

त्यांनी सही केली. हात जड झाला होता, पण केली.

"आता मला सांगा," ती म्हणाली, "तुमच्या त्या कारखान्यात माणूस माल न्यायला आलाच नाही, तर काय करायचात?"

"करायचं काय, गाडीत भरून त्याच्या खात्यात पोचवायचा. हमाली त्याच्या माथी."

हे वाक्य त्यांनी नोकरीत शेकडो वेळा उच्चारलं होतं. घरात पहिल्यांदाच उच्चारलं, आणि उच्चारल्यावर तोंड तसंच उघडं राहिलं. बायको तोवर टेम्पोवाल्याशी बोलायला लागली होती.

टेम्पो रविवारी सकाळी सुटला. धाकटी तेव्हा पडद्यावर चाळीस शिष्यांना 'हलकं व्हायला शिका' हा पाठ देत होती, आणि तिच्या पाठीमागून हमाल एकेक खोकं आत आणत होते. (शिष्यांनी हा प्रात्यक्षिकाचा भाग समजून टाळ्या वाजवल्या.) थोरल्याच्या पांढऱ्या भिंतीशी ट्रेडमिल उभी राहिली. आता तिथे शिंक घुमत नाही. दोघांनीही आईला फोन करून विचारलं, "आई, अगं हे ठेवायचं कुठे?" आईने दोघांनाही अंगठा पाठवला.

महिनाअखेर जोडपं वर आलं, म्हातारा-म्हातारी खाली उतरली. पहिल्या सकाळी बायकोने चपला घालून दार उघडलं, एक पाऊल टाकलं आणि ती लिंबाखाली जाऊन उभी राहिली. एकच पाऊल! स्टोअरकीपर दारातून बघत राहिले. आपण हे जवळजवळ बुडवलंच होतं, हे त्यांना आता कळलं. पुढे ते रोज तिच्याआधी उठून तिच्या चपला दाराशी सरळ करून ठेवू लागले.

सामानाचंही चांगलं झालं. सामान नष्ट होत नाही, ते सर्वांत कमी तक्रार करणाऱ्या नातेवाइकाकडे जातं, एवढंच. थोरल्याची ट्रेडमिल पंधरवड्यात त्याच्या सासऱ्यांकडे गेली, 'तात्पुरती'. धाकटीची खोकी तिच्या सासूबाईंनी प्रेमाने ठेवून घेतली. त्यांना नाही म्हणता येत नाही. धाकटीच्या वर्गाच्या आता दोन तुकड्या कराव्या लागतात.

वाचकहो, इथवर तुम्ही चांगले हसलात, बरं वाटलं. तुमचं घर सुटसुटीत आहे, भिंती मोकळ्या आहेत, चार लोक कौतुक करतात. आता फक्त एवढं सांगा: तुमचं खोकं कोणाकडे आहे? आणि तिथे लिफ्ट आहे का?