सूज उतरेपर्यंत

"आधी कधी कशाची अ‍ॅलर्जी झाली होती का?" लातूरच्या स्कॅन सेंटरातल्या ऋतुजानं फॉर्म भरताना विचारलं, आणि निलंग्याचे भुसार व्यापारी गुंडप्पा छातीठोकपणे नाही म्हणाले. पाच वर्षांपूर्वी नांदेडला असंच औषध टोचून स्कॅन केला, तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या, हे त्यांना चांगलं आठवत होतं. पण त्याच दिवशी नांदेडच्या स्टँडवर धाकटा भाऊ शिवमूर्ती दिसला होता. गांधी त्याच्या नजरेनं उठल्या, यात गुंडप्पांना तिळमात्र शंका नव्हती, आणि फॉर्मात भावाचं नाव लिहायला जागा नव्हती.

मागच्याच गल्लीत राहणाऱ्या या भावाशी अकरा वर्षं अबोला होता. पुतणीच्या लग्नपत्रिकेत थोरल्या चुलत्याचं, म्हणजे यांचं, नावच नव्हतं. तेव्हा भर मांडवात गुंडप्पा म्हणाले होते, "मी मेल्यावरच माझ्या उंबऱ्यात पाय ठेव." शिवमूर्तीही हट्टाचा, त्यानं ठेवला नाही. स्कॅनला निघताना पोटातल्या गाठीपेक्षा हेच त्यांना जास्त खात होतं. पण आता माघार घ्यायची कुणी?

सुई टोचली. अंगातून ऊन ऊन लाट गेली, तोंडाला लोखंडाची चव आली, मग खाज सुटली आणि चेहरा भाकरीसारखा टम्म फुगला. डोळे मिटले, जीभ जड झाली. डॉक्टरांनी धावपळ करून इंजेक्शनं दिली, दुपारपर्यंत ठेवून घेतलं आणि मुलाला, रविकिरणला, बजावलं की घरी यांना आडवं करू नका, बसवूनच ठेवा.

घरी ओसरीवर खुर्चीत बसवलं. गुंगीत कलंडतील म्हणून रविकिरणनं शालीनं बांधलं आणि तो गोळ्या आणायला गेला. बायको दानम्मानं देव पावला म्हणून कपाळभर विभूती फासली, पायाशी बसून पोटभर रडून घेतलं आणि ती परसातल्या चुलीवर दूध तापवायला गेली. ते रडणं ऐकून शेजारच्या धोंडाबाई दारात डोकावल्या. गुंडप्पांच्या लोकांत माणूस गेला की विभूती लावून बसवतात, आणि बसवूनच मातीत ठेवतात. गल्लीला हे ठाऊक. आता बाईनं दुसरं काय समजावं? ती तशीच गल्लीभर सांगत सुटली.

थोड्या वेळानं गुंडप्पांच्या गळ्यात काहीतरी गार, ओलं पडलं. हार होता. डोळे उघडेनात. भोवती पावलं वाजत होती, बोलत कुणीच नव्हतं. एकेक गार हात पायाला लागायचा आणि मागं सरकायचा. मग अगदी कानाशी समोरच्या घरातल्या अण्णारावांचा दबका आवाज आला, "अंग लई सुजलंय. खड्डा रुंद घ्यावा लागल."

कुणाचा खड्डा, हे विचारायला गुंडप्पांनी जीव खाऊन तोंड उघडायला पाहिलं, पण जीभ हलेना. तेवढ्यात उंबऱ्याशी कुणीतरी खाकरलं, आणि ते खाकरणं त्यांनी अकरा वर्षांनीही ओळखलं. शिवमूर्ती घरात आला होता. हारावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, खड्ड्यावर बसला नव्हता, आता मात्र बसला. आपण गेलो. भीतीनं आणि दुःखानं त्यांना रडू फुटलं, पण सुजलेल्या पापण्यांतून पाणीसुद्धा बाहेर येईना.

"अण्णा," शिवमूर्ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून म्हणाला, "तुझं नाव छापखान्यात गळालं होतं. हे सांगाय तीनदा दारापत्तोर आलो. तुझं बोलणं आठवायचं अन् माघारी जायचो."

एवढ्यात दानम्मा दूध घेऊन बाहेर आली. जित्या माणसाला हार कुणी घातला, असं तिनं विचारताच ओसरीवर जो तो आपापल्या चपला शोधू लागला. शिवमूर्तीही डोळे पुसत उठला. अण्णा जिवंत आहे म्हटल्यावर त्याला तिथं थांबता येणार नव्हतं. तो उंबऱ्यापर्यंत पोचलाही.

"शिवा." विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला. समोरचे अण्णाराव अनवाणीच पळाले. "जाऊ नको. मी मेलोच हाय असं समज."

शिवमूर्ती उंबऱ्यातच थांबला. "किती दिवस, अण्णा?"

"डॉक्टर म्हणले, सूज उतराय चार दिवस लागतील."