मुंगळ्याचे पाय मोकळे

अपांनी दारापासून खिडकीपर्यंत पांढरं कापड अंथरलं आणि खिडकीकडच्या टोकाला एकेक वस्तू मांडली: चाबूक, दोन तारांचा दोंब्रा, पुस्तक, डॉक्टरांची नळी. बोतागोझने हळूच पुढे होऊन आणखी एक वस्तू ठेवली. दोन चाकं, वर तारांचं जंजाळ आणि पोटाला बारीक डोळे.

"हे उचल," अपा म्हणाल्या.

"अपा, आपलं काय ठरलंय? दोरी तुमच्या झौरेकाकू कापणार, आणि यंत्र माझ्या मर्जीचं."

"बोताश, अडतीस वर्षं कापडगिरणीत यंत्रापुढे उभी राहिले. एक कान गेला. नातीनं तरी माणसांत बसावं."

सासूबाईंचं म्हणणं चूक नव्हतं. पण आज बोतागोझच्या लेकीचं, इन्कारचं, तुसाऊ होतं. मूल चालायला लागलं की त्याच्या पायांत काळी-पांढरी दोरी बांधायची, एखाद्या चपळ बाईने ती कापायची, आणि मोकळं झालेलं मूल पहिल्यांदा जे उचलेल ते त्याच्या नशिबी. बोतागोझ रसायनशास्त्र शिकलेली होती. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं आणि एकुलत्या एका लेकीच्या बाबतीत जोखीम घेणं वेगळं.

त्यात महिन्याभरापूर्वी तिने जवळच्या शाळेत एक व्याख्यान ऐकलं होतं: रोबोटिक्सची ओळख आणि त्यातल्या नोकऱ्या. मोठ्या वर्गांतल्या मुलांसाठी होतं ते. तेरा महिन्यांचं मूल कडेवर घेऊन टिपणं काढणारी ती एकटीच. व्याख्यान देणारी राउझा तिची कॉलेजातली मैत्रीण. ती म्हणाली होती, "इथे तीन प्रकारची माणसं लागतात. रोबो बनवणारी, त्यानं काय करायचं ते त्याला शिकवणारी, आणि बिघडला की दुरुस्त करणारी. पहिली दोन मिळतात. तिसरी दिवा घेऊन शोधली तरी सापडत नाहीत." त्या रात्री बोतागोझला झोप लागली नाही. आपण आधीच तेरा महिने उशीर केला, असं तिला वाटत राहिलं.

हे यंत्रही राउझाच्याच वर्गातलं. मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं मुंगळा, कारण काळी रेघ दिसली की तो तिच्यामागे चालू लागे. राउझाने बजावलं होतं, "हिरवं बटण दिव्यांचं. लाल चाकांचं. लालला हात लावू नकोस."

पाहुणे जमले, राउझाही आली. बूट दाराशी राहिले आणि सगळे भिंतीलगत मोज्यांवर बसले. झौरेकाकू, जिना चढतानाही पळतच चढणाऱ्या, कात्री घेऊन आल्या तशा एका झटक्यात दोरी कापून मोकळ्या झाल्या. घाईत दोरी अगदी उजव्या पायाशी कापली गेली. डाव्या पायाला हातभर शेपूट लोंबत राहिलं. "चल माझी वाघीण!" म्हणत त्यांनी इन्कारला पुढे ढकललं.

इन्कार डुलत डुलत निघाली ती थेट चाबकाकडे.

"आजोबांवर गेली!" कोणीतरी ओरडलं. आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे घोडे हाकले होते. कोणाचं लक्ष नाही असं बघून बोतागोझ वाकली आणि तिने मुंगळ्याला चाबकाच्या पुढे सरकवलं. घाईत अंगठा लाल बटणावर पडला.

मुंगळा गुरगुरला. समोर पांढऱ्या कापडावर दोरी पडलेली दिसली, तसा तो तिच्यामागे लागला. इन्कारने त्याच्याकडे पाहिलं, किंचाळली आणि उलटी वळून पळाली. शेपूट तिच्यामागे, मुंगळा शेपटामागे.

"धावली! धावली!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"दाउरेन, उचल तिला!" बोतागोझ नवऱ्यावर ओरडली.

दाउरेनने मोबाईलवरचं चित्रण न थांबवता लेकीला उचललं. ओढाताणीत दोरी सुटून मुंगळ्याच्या चाकात अडकली. आणि दाउरेनच्या पायांत काळे मोजे होते.

"अरे, हा माझ्यामागे का लागलाय?"

"मोजे काढ!" राउझा ओरडली.

"दोन्ही हातांत सामान आहे! कशानं काढू?"

त्याने जमिनीवर मांडलेल्या जेवणावरून उडी घेतली. ताट कलंडलं आणि गरम बाउरसाक, पिठाचे तळलेले गोळे, चहूकडे घरंगळले. समोरच्या भिंतीशी सहा काकांनी एकदम बारा काळे मोजे वर उचलले. मुंगळा गोंधळला, गर्रकन वळला आणि चाकात दोरी गुंडाळली जाऊन जागच्या जागी फडफडू लागला.

कोणी पुढे होईना. शेवटी अपा उठल्या, त्यांनी लाल बटण दाबलं आणि उधळलेलं कोकरू धरावं तसं मुंगळ्याला काखेत धरलं.

"याचेही पाय बांधले गेलेत. झौरे, काप गं."

कात्री चालली. पाहुण्यांनी हसत हसत आशीर्वादासाठी हात वर केले. अपांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी केसांतला आकडा काढून आसातला धागा सोडवला, मग यंत्र उताणं करून चष्मा पुसला.

"याच्या डोळ्यात पण तंतू अडकलाय. आमच्या मागालाही असाच डोळा होता. धागा तुटला की माग थांबायचा. रोज साफ करावा लागतो, पोरी. करत नाहीस ना?"

राउझाचा चेहरा पडला. "नाही, अपा. शाळेत असे आणखी चौदा बंद पडलेत."

"चौदा?" अपांनी फुंकर मारून डोळा साफ केला. "लाज नाही वाटत?"

"अपा, शनिवारी मोकळ्या असता का?" राउझाने विचारलं.

शनिवारी सकाळी शाळेत जायला अपा डोक्याला नवा रुमाल बांधून, पिशवीत केसांचे आकडे आणि चष्मा घेऊन दाराशी बूट चढवत होत्या. बोतागोझ इन्कारला कडेवर घेऊन उभी होती. तिने दाउरेनचं चित्रण नऊ वेळा पाहिलं होतं. यंत्र उचललं अपांनी. लेकीने बापाच्या कडेवरून उतरल्या उतरल्या उचललं होतं जमिनीवरचं एक बाउरसाक.

"अपा, बाउरसाक म्हणजे काय हो? स्वयंपाकीण? हॉटेल?"

"तेवढ्यासाठी झोप नाही का तुला?" अपांनी बुटाची नाडी आवळली. "माझं तुसाऊ त्रेसष्ट वर्षांपूर्वी झालं. चाबूक होता, सुई होती, पुस्तक होतं. माझी आई मरेपर्यंत रडली, मी यातलं काहीच उचललं नाही म्हणून."

"मग काय उचललंत?"

"बाउरसाक," अपा म्हणाल्या, आणि उशीर होतोय म्हणत जिना उतरू लागल्या.